अकरा महिन्यांचे नागरिक

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



‘परवडणारी घरे’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की, ती कोणाला परवडणारी, किती काळ परवडणारी आणि परवडण्याचा हा हिशेब मांडला कोणी, हे प्रश्न विचारण्याचे आपण जवळजवळ सोडून दिले आहे. सरकार योजना जाहीर करते ती मालकीच्या घरांची. मोर्चे निघतात ते मालकी हक्कासाठी. वर्तमानपत्रांत जाहिराती येतात त्या विक्रीच्या सदनिकांच्या. या साऱ्या गलबल्यात एक फार मोठा समूह कोणाच्याच हिशेबात नाही. नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, टिटवाळा, बदलापूर येथे दुसऱ्याच्या मालकीच्या एका खोलीत अकरा महिन्यांच्या कराराने राहणारा कष्टकरी, हा तो समूह होय. मला आज बोलावयाचे आहे ते त्याच्याविषयी.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. या भाडेकरूची पहिली गरज स्वस्त भाड्याची नाही. राहण्याच्या शाश्वतीची आहे. भाड्याचा दर ही एक गोष्ट आणि वास्तव्याची शाश्वती ही दुसरी. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने या दोन गोष्टींची एकच मोट बांधली. पुढे ती मोट सुटली तेव्हा नव्या भाडेकरूच्या हाती दोहोंपैकी काहीच राहिले नाही. आपल्या चळवळीने या दोन गोष्टी विचारपूर्वक वेगळ्या केल्या पाहिजेत आणि शाश्वतीच्या मागणीवर उभे राहिले पाहिजे. हे असे का, एवढेच मी आज मांडणार आहे.

शहर लांबते कसे

प्रथम माणसे कोठून कोठे गेली ते पाहू. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच दहा वर्षांत तेव्हाच्या अविभक्त ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. वसई-विरार आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची वस्ती २०११ मध्येच प्रत्येकी बारा लाखांच्या वर होती. जुनी मुंबई रिकामी होत गेली आणि तिची उपनगरे फुगत गेली. काम मात्र त्या प्रमाणात उपनगरांत गेले नाही.

हा निसर्गक्रम नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मोलाची ठरली ती त्यांच्याखालची जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे सांगितले होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहबांधणीसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या शेडखालची जमीन वाटणीतून निसटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य ठरविला. परळ-लालबागच्या मध्यावर कामगारांची भाड्याची घरे उभी राहू शकतील अशी जी एक ऐतिहासिक संधी होती, ती अशा रीतीने गेली. आता त्याच गिरणी कामगारांना बदलापूरच्याही पलीकडे, वांगणी आणि शेलू येथे घरे देऊ केली जात आहेत. जुलै २०२५ मध्ये या कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी आझाद मैदानावर येऊन मुंबईतच घराची मागणी केली, ती काही उगाच नव्हे.

ज्याला वांगणीचेही घर विकत घेणे शक्य नाही, तो भाड्याने राहतो. रखवालदार, डिलिव्हरीची पोरे, रुग्णालयांतील आया, दुकानांतील विक्रेते, घरकाम करणाऱ्या बायका, कंत्राटी सफाई कामगार अशी ही माणसे आहेत. त्यांच्यावाचून मुंबई एक दिवसही चालणार नाही. पण त्यांनी रात्री पाठ कोठे टेकावी, याची जबाबदारी मुंबईने कधीच घेतलेली नाही.

स्वस्ताईचा खरा हिशेब

उपनगरातील खोली स्वस्त असते, असे सारेच म्हणतात. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. म्हणून हा हिशेब जरा तपासून पाहतो.

भाडे हा या हिशेबातील केवळ पहिला रकाना. दुसरा रकाना दलालीचा. अकरा महिन्यांच्या कराराला एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून द्यावे लागले, तर ती भाड्यातील नऊ टक्क्यांची वाढच झाली. दरवर्षी खोली बदलावी लागली, तर ही वाढ दरवर्षीची. तिसरा रकाना अनामत रकमेचा. आपल्या बोलीभाषेत डिपॉझिट. ती रक्कम परत मिळते हे खरे. परंतु जुन्या मालकाकडून परत मिळण्यापूर्वीच नव्या मालकाला द्यावी लागते. मधल्या आठवड्यांसाठी सावकार गाठावा लागतो, नाहीतर बायकोचे दागिने गहाण पडतात. चौथा रकाना टेम्पोचा, हमालीचा, रंगरंगोटीच्या नावाखाली कापून घेतलेल्या पैशांचा. पाचवा पाण्याचा. नळाला पाणी कमी पडले की टँकर येतो. त्याची वर्गणी ज्याचे घर त्याने द्यावी की जो राहतो त्याने, हा वाद बहुतेक ठिकाणी भाडेकरूच्या विरुद्धच निकाली निघतो.

सहावा रकाना वेळेचा, आणि तो सर्वांत मोठा. विरार चर्चगेटपासून साठ किलोमीटर आहे. बदलापूर बोरीबंदरपासून अडुसष्ट. खोलीपासून स्थानकापर्यंतची रिक्षा, फलाटावरील ताटकळणे, गाडी, आणि पुन्हा कामाच्या जागेपर्यंतची पायपीट धरून जाऊन-येऊन चार तास मोडतात, हे काही अतिशयोक्त गृहीत नव्हे. महिन्याचे पंचवीस दिवस धरा. वर्षाचे बाराशे तास झाले. आठ तासांचा एक दिवस या मापाने ते दीडशे कामाचे दिवस होतात. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले आणि तो मिळविला. उपनगरातील वास्तव्याने तो पुन्हा बारा तासांचा करून टाकला. वरचे चार तास कोणत्याही वेतनपत्रकात दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

या तासांची किंमत कधी कधी पैशापलीकडची असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा आणि दिवा यांच्या दरम्यान खचाखच भरलेल्या गाड्यांच्या दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. दोन दिवस चर्चा झाली ती गाड्यांना स्वयंचलित दारे बसविण्याची. माणसे इतक्या लांबून का येतात, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो रेल्वेचा प्रश्न नव्हताच. तो घरांचा प्रश्न होता.

येथे एक आर्थिक नियम ध्यानात घेतला पाहिजे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाची जी मीमांसा केली, ती उपनगराला तंतोतंत लागू पडते. रेल्वेचा मासिक पास स्वस्त आहे, आणि तो स्वस्त असलाच पाहिजे. परंतु त्या स्वस्ताईचा बराचसा लाभ प्रवाशाच्या खिशात राहत नाही. स्थानकाजवळच्या खोलीचे भाडे तो खाऊन टाकते. गाड्या वाढल्या, उड्डाणपूल झाला, नव्या योजनेचे पाणी आले की पुढच्या कराराला भाडे चढते. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेले मूल्य खासगी भाड्यात जिरते. ज्याच्यासाठी म्हणून सुधारणा होते, त्याला तीच सुधारणा एक स्थानक पुढे ढकलते. विलेपार्ल्याचा भाडेकरू बोरिवलीला गेला, बोरिवलीचा नालासोपाऱ्याला, आणि नालासोपाऱ्याचा आता पालघरकडे निघाला आहे.

कूळ आणि परवानाधारक

आता कायद्याकडे वळू. मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये झाला. १९४७ च्या कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधले आणि भाडेकरूला मनमानी हकालपट्टीपासून संरक्षण दिले. त्या काळात हे योग्यच होते. परंतु भाडे दशकानुदशके गोठलेलेच राहिले. दुरुस्ती करणे मालकाला परवडेना आणि ती करण्याची त्याला इच्छाही उरली नाही. इमारती खचल्या. दुरुस्तीचे काम अंगावर घेण्यासाठी १९६९ मध्ये शासनाला कायदा करून मंडळ स्थापन करावे लागले. कायद्याने बांधलेले भाडे आणि बाजारभाव यांतील तफावत पागडीच्या रूपाने रोखीत वसूल होऊ लागली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, अशा रीतीने गोठविलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही.

दरम्यान मालकांनी पळवाट शोधली होती. खोली भाड्याने द्यावयाचीच नाही. ती वापरण्याची नुसती परवानगी द्यावयाची. यालाच ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात. आपल्या विधिमंडळाने १९७३ मध्ये त्यावर घाव घातला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक प्रत्यक्ष राहत होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. हजारो कुटुंबे एका तारखेने सुरक्षित झाली. मात्र त्या तारखेनंतर येणाऱ्यांसाठी दारे लावली गेली. मालकांनी धडा घेतला तो असा की, घर रिकामे ठेवावे, पण कोणाला स्थिरावू देऊ नये.

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण राखले आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा दिली. ही तडजोड तर्काला धरून होती. परंतु नवा भाडेकरू बाजारात येतो तो परवानाधारक म्हणून, आणि परवानाधारकाच्या बाबतीत कायद्याची भाषाच बदलते. मुदत संपताच त्याने जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई. मालकाने अर्ज केला की सक्षम प्राधिकाऱ्यापुढे संक्षिप्त पद्धतीने काम चालते आणि आपली बाजू मांडण्यासाठीसुद्धा परवानाधारकाला आधी अनुमती मागावी लागते. मालकासाठी जलद दरवाजा आहे. अनामत बुडाली, नळ तोडला किंवा मुदतीपूर्वीच सामान रस्त्यावर आले, तर भाडेकरूसाठी तितकाच जलद दुसरा दरवाजा नाही.

शेतीच्या प्रश्नावर काम केलेल्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. कोकणातील खोत आणि देशावरील सावकार-जमीनदार काय करीत? एकाच कुळाकडे जमीन सलग राहू देत नसत. दरवर्षी कूळ बदलावे, म्हणजे त्याचा हक्क उत्पन्न होत नाही, ही त्यांची युक्ती होती. १९३३ मध्ये कुलाबा जिल्ह्यातील चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३९ च्या कायद्यात ‘संरक्षित कूळ’ ही संकल्पना आली, १९४८ मध्ये कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. आज त्याच कोकणातून आलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी नालासोपाऱ्यात दर अकरा महिन्यांनी बदलले जाणारे कूळ होऊन राहत आहे. शेतावर जी युक्ती आपण बेकायदा ठरविली, ती शहरात आपण सर्रास चालू दिली आहे.

आणि हे अकरा महिने आले कोठून? एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची रूढी पडली. परंतु १९९९ च्या कायद्यानुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही जबाबदारी मालकाची आहे आणि ती न पाळल्यास त्याला दंड किंवा कैदेची शिक्षा होऊ शकते. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय असा करार साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो. मुद्रांकशुल्काच्या तरतुदीतच ही मुदत आहे. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने आले, ते कारण पंचवीस वर्षांपूर्वीच संपले. उरली आहे ती रूढी, मालकाची भीती आणि दलालाची दरवर्षीची कमाई.

या अकरा महिन्यांनी माणसाचे काय होते, ते कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन पाहावे. मुलीची शाळा दोनदा बदलली की तिसऱ्यांदा ती सुटते. रेशनकार्डावर एक पत्ता, आधारवर दुसरा, गॅसच्या पुस्तकावर तिसरा. मतदारयादीतील नाव दोन खोल्यांपूर्वीच्या प्रभागात राहते. म्हणून नगरसेवकाच्या दृष्टीने हा माणूस अस्तित्वातच नसतो. पाण्यासाठी मोर्चा निघाला, तरी तो मोर्चात येत नाही. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, हे त्याला ठाऊक नसते. नागरिकत्वाला पत्ता लागतो. ज्याचा पत्ता अकरा महिन्यांचा, त्याचे नागरिकत्वही अकरा महिन्यांचेच.

त्यातही सर्वांना सारखी वागणूक मिळत नाही. आडनाव विचारून, धर्म विचारून, चुलीवर काय शिजते ते विचारून खोली नाकारली जाते. एकट्या बाईला तर प्रश्नांचा अंत नसतो. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहण्यास जागा मिळाली नाही आणि पारशी विश्रामगृहातून त्यांना हुसकावून लावण्यात आले. शंभराहून अधिक वर्षे लोटली. प्रश्न विचारण्याची रीत तेवढी सभ्य झाली आहे. आणि करार जितका अल्पमुदतीचा, तितकी ही चाळणी वारंवार लागते, हे विसरता कामा नये.

बेकायदा इमारतीतील कायदेशीर भाडेकरू

उपनगरातील भाडेकरूवर आणखी एक संकट आहे. स्वस्त खोली पुष्कळदा स्वस्त असते ती इमारत अनधिकृत असते म्हणून. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळ-डायघर येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला इमारत कोसळून १७ जण दगावले. नालासोपारा पूर्वेला, सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षण असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे उघड्यावर आली. डोंबिवली परिसरात महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून बांधलेल्या ६५ इमारतींचे प्रकरणही याच काळात गाजले.

या प्रत्येक प्रकरणात फसलेल्या खरेदीदाराची बाजू मांडली गेली आणि ती मांडलीच पाहिजे. परंतु त्याच इमारतींत भाड्याने राहणाऱ्यांचे काय? त्यांनी काही विकत घेतले नव्हते, म्हणून त्यांचे काही गेले नाही, असा सोयीस्कर तर्क केला जातो. त्यांची अनामत गेली, पत्ता गेला, शाळेचे वर्ष गेले. पुनर्वसनाच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव नव्हते. आपल्या राजकारणाला फक्त मालक दिसतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

रिकामी घरे आणि विकली गेलेली घरे

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागांत एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी होती. पुढच्याच वर्षी केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरांतील घरांची तूट एक कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने मुंबईतील रिकाम्या घरांची संख्या ४ लाख ८० हजार दिली. देशातील शहरांत ती सर्वाधिक होती. त्याच पाहणीत म्हटले आहे की, १९६१ मध्ये शहरी घरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. एकीकडे तूट आणि दुसरीकडे कुलूप, असे हे चित्र आहे. काही कुलपे भीतीची आहेत, काही सट्ट्याची. भीतीची कुलपे न्याय्य आणि जलद कायद्याने उघडतील; सट्ट्याची उघडावयाची तर रिकाम्या घरावर कर बसविला पाहिजे.

परंतु केवळ खासगी घरे भाड्याने निघून भागणार नाही. समाजाच्या मालकीची भाड्याची घरे लागतील. यात नवे काही नाही. १९२० नंतर मुंबई सरकारच्या विकास विभागाने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या, त्या भाड्यानेच. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने औद्योगिक कामगारांसाठी वसाहती उभारल्या, त्याही भाड्याने. पुढे त्या रहिवाशांना मालकी हक्काने देण्यात आल्या. त्या रहिवाशांचे भले झाले. त्याविषयी तक्रार नाही. परंतु एकदा विकलेले घर दुसऱ्या गरजूला भाड्याने देता येत नाही. त्या जागी नवी भाड्याची घरे बांधली गेली नाहीत, हे दुःख आहे.

अलीकडचा अनुभव याहून बोलका आहे. २००८ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची मोठी योजना जाहीर केली: खोली १६० चौरस फुटांची, आणि बिल्डरला त्या बदल्यात वाढीव चटईक्षेत्र. चटईक्षेत्र घेतले गेले. भाड्याची घरे मात्र भाड्याने फारशी गेलीच नाहीत. पनवेलजवळ कोन येथे अशा दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांची २,४१७ घरे करण्यात आली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सोडत काढून ती गिरणी कामगारांना विक्रीसाठी देण्यात आली. २०२० च्या टाळेबंदीत लाखो कामगार शहरे सोडून पायी गावाकडे निघाले. ते निघाले याचे एक कारण भाडे देणे अशक्य झाले, हे होते. त्यानंतर केंद्राने परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना आणली. सरकारी पैशाने बांधलेली ८३ हजारांहून अधिक रिकामी घरे त्यासाठी हेरली होती. प्रत्यक्षात भाड्याने देण्याजोगी झाली ती पहिल्या काही वर्षांत साडेपाच हजारांच्या आसपास. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत ३५ लाख घरे, हे त्याचे उद्दिष्ट. ब्रीदवाक्य आहे ‘माझे घर, माझे अधिकार’. घर ज्याचे ‘माझे’ नाही, त्याचे अधिकार कोणते?

हे स्वप्नरंजन आहे, असे कोणी म्हणेल. अशा वेळी समाजवाद्यांनी व्हिएन्नाची आठवण ठेवावी. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात १९१९ मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्ष सत्तेवर आला. नगरपालिकेचे वित्तप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये गृहबांधणी कर बसविला; मोठ्या घराला जड, लहान घराला नाममात्र. १९३४ मध्ये फॅसिस्टांनी तोफा डागून ती राजवट मोडली, तोपर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली होती, आणि ती सारी भाड्याची. आजही त्या शहराच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार भाड्याची घरे आहेत. त्यांनी ती विकली नाहीत, यातच सारे आले.

काय मागावे, काय करावे

मालकाची बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर आपला विचार एकांगी होईल. उपनगरातील घरमालक म्हणजे दर वेळी जमीनदार नव्हे. निवृत्तीच्या पैशातून दुसरी खोली घेतलेला कामगार असतो. त्या भाड्यावर औषधपाणी चालविणारी विधवा असते. अशा माणसाचे भाडे चाळीस वर्षे गोठविणे हा अन्याय होईल आणि त्याचा परिणाम पुन्हा कुलपांतच होईल. म्हणूनच मी दर आणि शाश्वती वेगळी करावी असे म्हणतो. पहिले भाडे बाजाराने ठरवावे. पण राहणाऱ्याला उठविणे बाजाराच्या लहरीवर नसावे. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात. तेथील करार सामान्यतः बेमुदत असतात आणि मालकाला ते संपवावयाचे तर सबळ कारण द्यावे लागते. तेथे घरे देणारे संपले नाहीत.

तेव्हा आपल्या मागण्या अशा असाव्यात. निवासी कराराची किमान मुदत तीन वर्षे. भाडे थकल्याशिवाय किंवा मालकाला स्वतःला जागेची खरी गरज पडल्याशिवाय नूतनीकरण नाकारता येऊ नये. मुदतीतील वार्षिक भाडेवाढीला मर्यादा. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातच ही मर्यादा सुचविली आहे. त्याच कराराच्या नूतनीकरणावर दलाली नको. मालकाला मिळतो तसाच जलद न्याय भाडेकरूला. अनधिकृत इमारत पाडताना तेथे राहणाऱ्या भाडेकरूची नोंद आणि पर्यायी निवारा. आणि सार्वजनिक जमिनीवरील प्रत्येक गृहयोजनेत ठराविक हिस्सा कायमचा भाड्याचा. तो कोणत्याही सरकारला विकता येऊ नये, अशी कायद्यातच तरतूद.

मागण्या कागदावर लिहून कोणाला काही मिळत नाही, हे आपणांस सांगावयास नको. मृणालताई गोरे यांनी गोरेगावात आरंभ केला तो हंडाभर पाण्यापासून. लोक संघटित झाले, आणि पुढे त्याच बळावर नागरी निवारा परिषदेने कमाल जमीनधारणा कायद्याखालील जमीन झगडून मिळविली. दिंडोशीला सुमारे सहा हजार घरे उभी राहिली. ती मालकीची सहकारी घरे होती. त्या कामाचा पुढचा टप्पा भाडेकरूंचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. कारण ज्याला उद्या जावयाचे आहे, त्याला संघटित करणे सोपे नसते.

तरीही आरंभ करता येतो, आणि त्यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येक शाखेत आठवड्यातून एक संध्याकाळ भाडेकरूंसाठी ठेवा. करार वाचून दाखवा. नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे, हे सांगा. करार तीन वर्षांचा करता येतो, हे मालकालाही समजावून द्या. पुष्कळ मालकांना ते ठाऊकच नसते, आणि दरवर्षीची दलाली त्यांच्याही बोकांडी बसलेली असते. अनामत बुडविणाऱ्याकडे भाडेकरू एकटा जातो तेव्हा त्याला दारातून परत पाठविले जाते. चारजण बरोबर गेले की चहा विचारला जातो. मतदारयादीत नाव घालण्याचे अर्ज भरून द्या. वस्तीतील पाण्याच्या समितीवर एक तरी भाडेकरू घ्या. तो वर्षभराने खोली सोडून गेला, तर जेथे गेला असेल तेथील शाखेला कळवा. त्याचा धागा सुटू देऊ नका. घर बदलले तरी संघटना बदलत नाही, एवढी शाश्वती तर आपण त्याला आजच देऊ शकतो.

कुळाला संरक्षण मिळण्यापूर्वी चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, लाकडे विकली, उपास काढले. पण ते एकमेकांना सोडून गेले नाहीत. भाडेकरूंचा लढा तितकाच लांबेल, या तयारीनेच त्याला हात घालावा लागेल. पहिले काम लहान आहे. आपापल्या प्रभागात किती कुटुंबे भाड्याने राहतात, त्यांचे करार किती मुदतीचे आहेत आणि त्यांतील किती नोंदलेले आहेत, याची यादी पुढच्या अभ्यासवर्गाला येताना घेऊन या. ती यादी आजवर कोणी केलेली नाही. ती आपण करू या.